पिवळ्या पक्ष्याविषयी अभिप्राय

जळगाव,
३ जुलै २०२५

प्रिय अभिमन,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर आधी माझे मराठी सुधारतोस, म्हणून लिहितो आहे. पारोळ्याच्या शाळेत एका बाकावर बसल्याचा हक्क समजून उत्तर लवकर दे.

आमच्या रुचीच्या विसाव्या वाढदिवसाला तिच्या मामाने, म्हणजे कुंदनच्या भावाने, चार लव्हबर्ड आणून दिले. एक निळा, एक हिरवा, एक राखाडी, एक पिवळा. मुलगी कॉलेजातून आली की चप्पल काढायच्या आधी पिंजऱ्यापाशी. इथवर ठीक होते. पण बाईंना आता पंच्याऐंशीवे लागले, आणि त्यांच्या लेखी माझ्या घरात चार जीव कैदेत आहेत. आमचे बापूजी दर संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, पक्षी धरणाऱ्याकडून पोपट विकत घेऊन किल्ल्याच्या खंदकापाशी सोडत, ते तुला आठवत असेल. टोपलीचे झाकण कोणी उघडायचे यावरून आपण दोघे भांडायचो. यंदाच्या संवत्सरीला हा पिंजराही तसाच उघडा, असे बाईंचे म्हणणे आहे. "बठ्ठा जीव सारखाच शेतस," सगळे जीव सारखेच, एवढेच माझी आई म्हणते. वाद घालत नाही, त्यामुळे वाद संपतही नाही. रुची दोन दिवस नीट जेवलेली नाही. मी दालमिलमध्ये बसून दोघींचे फोन घेतो.

तू जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेस. सोडले तर हे पक्षी जगतील का, ते लिही. तुझ्या शब्दापुढे बाई जात नाहीत. फोनच्या पडद्यावर रंग खोटे दिसतात असे तू नेहमी म्हणतोस, म्हणून फोटो स्टुडिओत छापून सोबत ठेवले आहेत.

तुझा,
हस्तीमल


धुळे,
९ जुलै २०२५

प्रिय हस्तीमल,

तुझ्या पत्रातील पहिली चूक नावाची आहे. लव्हबर्ड हे आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे, निराळे पक्षी. तुझ्याकडे आहेत ते बजरीगर. आपल्याकडच्या बाजारात दोघांनाही एकच नाव चालते, कारण बाजाराला नावाशी नव्हे, गिऱ्हाइकाशी कर्तव्य असते.

यांचे रानातले भाऊबंद ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात राहतात. ते हिरवे असतात. तोंड पिवळे, पाठीवर काळ्या लहरी. जिथे पाऊस पडला तिथे प्रचंड थव्याने जायचे, गवताचे बी खायचे, निलगिरीच्या ढोलीत पिल्ले काढायची आणि पुन्हा उठायचे, हा त्यांचा संसार. निळा, राखाडी, पिवळा हे हौशी माणसांनी निवडून निवडून वाढवलेले रंग आहेत, आणि मला त्यांत स्वारस्य नाही. खंदकापाशी आपण सोडायचो तो कंठवाला पोपट यांचा दूरचा नातलग; जवळचे म्हणजे फुलांतला मध चाटणारे लोरी, तेही तिकडचेच. आपला पोपट याच मातीतला होता, म्हणून टोपली उघडताच तो समोरच्या चिंचेवर जाऊन बसला. (बापूजी दरवर्षी विकत घेत, म्हणूनच तो पक्षी धरणारा दरवर्षी येत असे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. आज तो पोपट धरणे काय, घरात पाळणेही गुन्हा आहे.) तुझे चौघे पिंजऱ्यात जन्मलेले आहेत. झडप घालणारा शिक्रा म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नाही. सोडलेस तर संध्याकाळपर्यंत कावळे त्यांचा निकाल लावतील, आणि जीवदयेच्या नावाने ती हत्या होईल. हे वाक्य बाईंना याच शब्दांत वाचून दाखव.

त्यांचा मूळ आक्षेप मात्र बिनबुडाचा नाही. कैदेत आणखी जीव जन्माला घालणे हा खरा दोष आहे, आणि तो टाळता येतो: नर आणि माद्या वेगळ्या पिंजऱ्यांत ठेव. आहेत ते चौघे सुखाने आयुष्य काढतील. पाचवा जन्मणार नाही.

आपल्या पोपटात नराला कंठ असतो, मादीला नसतो. बजरीगरात चोचीच्या मुळाशी, जिथे नाकपुड्या उघडतात, तिथे मेणासारखा गुळगुळीत पट्टा असतो. त्याला आपण नाकपट्टा म्हणू. तो निळा असेल तर नर. तपकिरी असेल तर वयात आलेली मादी. तुझ्या छायाचित्रांत हिरव्याचा आणि राखाडीचा निळा आहे: नर. निळ्या पक्ष्याचा तपकिरी आहे: मादी. लाल डोळ्यांच्या पिवळ्या पक्ष्याचा फिकट गुलाबी आहे, निळ्याचा लवलेश नाही: मादी, वयाने लहान. दोन आणि दोन. शंकेला जागा नाही.

तुझा,
अभिमन देसले


जळगाव,
२० जुलै २०२५

प्रिय अभिमन,

तुझे पत्र जेवणाच्या खोलीत सर्वांसमोर वाचले. बाईंनी ते पुन्हा वाचायला लावले. हत्येच्या वाक्यापाशी त्यांनी डोळे मिटले. मला वाटले झोपल्या. मग म्हणाल्या, अभिमनने लिहिले म्हणजे तसेच असणार, दुसरा पिंजरा आणा.

मी त्याच दिवशी आणला. पण बाई अर्ध्यावर थांबणाऱ्यांतल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी जैन स्थानकात जाऊन साध्वीजींसमोर त्यागाचे पच्चक्खाण घेऊन आल्या. आपल्या घरच्या पिंजऱ्यात नवा जीव जन्मला, तर त्या दिवसापासून या घरचा दाणा त्यांना वर्ज्य. मी म्हटले, एवढे कशाला? तर म्हणाल्या, अभिमनचा शब्द आहे ना, मग तुला भीती कसली?

हिरवा आणि राखाडी आता गॅलरीत असतात, निळी आणि पिवळी रुचीच्या खोलीत. तिने त्यांची नावे नीलम आणि केसर ठेवली आहेत. दोघींना बसायला एक मडके टांगले आहे. घरात पुष्कळ दिवसांनी शांतता आहे. हे श्रेय तुझे.

तुझा,
हस्तीमल


जळगाव,
२ ऑगस्ट २०२५

आदरणीय अभिमन काका,

मी रुची. पप्पांना न सांगता लिहिते आहे, कारण प्रश्न कदाचित वेडगळ असेल. केसर हल्ली फार गाते. नीलमच्या चोचीवर चोच आपटते, मान वर-खाली करते आणि स्वतः खाल्लेले दाणे काढून तिला भरवते. दोन माद्या असे करतात का?

आपली,
रुची


धुळे,
६ ऑगस्ट २०२५

चि. रुची,

करतात. कैदेत जोडीदार नसला की समान लिंगाचे पक्षीही एकमेकांना भरवतात. हे अनेकदा नोंदले गेले आहे. गाणे, मान हलवणे, चोच आपटणे हे वर्तन आहे, आणि वर्तनाचा अर्थ पाहणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे वाकतो. शरीरावरचे चिन्ह वाकत नाही. पिवळीचा नाकपट्टा अजून गुलाबी आहे ना? मग प्रश्न मिटला. आपल्याला जे हवे आहे ते पक्ष्यात दिसू लागले की निरीक्षण संपते आणि लाड सुरू होतात, एवढे लक्षात ठेव.

मडके मात्र काढून टाक. मादीला अंधारी पोकळी दिसली की तिला घरट्याची आठवण होते.

अभिमन काका


जळगाव,
२७ ऑगस्ट २०२५

अभिमन,

हे पत्र ललित गाडीने घेऊन येतो आहे. माझ्या मिलचा ड्रायव्हर, विश्वासाचा आहे. उत्तर त्याच्याच हाती दे. गणपतीची गर्दी आहे, त्याला बसवून ठेवू नकोस.

बाईंनी पर्युषणात अठ्ठाई केली. आठ दिवस उकळलेल्या पाण्यावर, या वयात. डॉक्टर नको म्हणत होते. उद्या पारणे आहे. कुंदनने मूग भिजत घातले आहेत, पाहुणे यायचे आहेत. आज दुपारी कुंदन रुचीची खोली झाडायला गेली, तर मडक्यात पाच अंडी. बाईंच्या कानावर गेलेच. त्या चिडल्या नाहीत. उद्या पारणे करणार नाही, एवढेच म्हणाल्या. अंड्यांत जीव असेल तर तो या घरात आलाच आहे, आणि मग या घरचे मूग कसे घ्यायचे?

त्यांना उभे राहताना भिंत धरावी लागते, अभिमन. आणखी दोन दिवस त्या काढतील असे मला वाटत नाही. तू म्हणालास दोन्ही माद्या आहेत. मग हे काय आहे? अंड्यांत जीव आहे की नाही, ते तुझ्या अक्षरात, त्यांना वाचून दाखवता येईल असे लिहून दे.

हस्तीमल


धुळे,
२७ ऑगस्ट २०२५, सायंकाळ

प्रिय हस्तीमल,

ललित दारात उभा आहे, म्हणून थोडक्यात. खालचा मजकूर बाईंसाठी.

पूजनीय बाई, पक्ष्याची मादी नराशिवायही अंडी घालते. अशा अंड्यात बीज नसते, म्हणून त्यात जीव धरत नाही आणि ते कितीही उबवले तरी फुटत नाही. आपल्या घरच्या त्या पिंजऱ्यात दोन्ही माद्या आहेत. नर नाही, सबब त्या अंड्यांत जीव नाही. आपले पच्चक्खाण अबाधित आहे. अंडी उचलून मातीत ठेवण्यात हिंसा होत नाही. आपण निःशंक मनाने पारणे करावे.

हस्तीमल, मडके काढायला मी तुझ्या मुलीला लिहिले होते. ते का काढले नाही, हे तिला विचार.

अभिमन


जळगाव,
२ सप्टेंबर २०२५

आदरणीय काका,

दादीने पारणे केले. तुमचे पत्र मी वाचून दाखवले. मुगाच्या पाण्याचे पहिले चार चमचे तिने घेतले तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते, म्हणून माझ्याकडे कोणी बघितले नाही.

अंडी मातीत ठेवायचे काम माझ्याकडे आले. मी दार लावले आणि एकेक अंडे मोबाइलच्या टॉर्चवर धरले. दोन स्वच्छ होती. उरलेल्या तिन्हींत लाल धागे होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे, मध्ये एक ठिपका. तो हलत होता. मी पाचही परत मडक्यात ठेवली आणि बाहेर येऊन सांगितले की, काम झाले.

काका, मला आधीपासून माहीत होते. तुम्हाला विचारले त्यानंतरच्या आठवड्यात मी केसरला नीलमच्या पाठीवर पाहिले. एकदा नाही. मडके मी मुद्दाम काढले नाही. मला पिल्लू हवे होते. कोणी विचारलेच तर तुमचे पत्र पुढे करता येईल, अशा हिशेबाने ते पत्र मी जपून ठेवले. तुमच्या अक्षरापुढे आमच्या घरात कोणी प्रश्न विचारत नाही.

आता अंडी काढली तर मी जीव मारीन. राहू दिली तर दादी जेवायची थांबेल. पप्पांना सांगायची हिंमत नाही. तुम्ही सांगाल ते करीन.

रुची


धुळे,
५ सप्टेंबर २०२५

प्रिय हस्तीमल,

हे पत्र बसून, सावकाश वाच आणि मग बाईंना वाचून दाखव.

पिवळा पक्षी नर आहे. लाल डोळ्यांच्या पिवळ्या वाणात नराचा नाकपट्टा निळा होतच नाही. तो आयुष्यभर गुलाबी-जांभळा राहतो. हौशी पाळणाऱ्यांच्या कोणत्याही साध्या पुस्तकात हे दिले आहे. ती पुस्तके मी हलकी समजत आलो आणि काल प्रथम उघडली. मी लावलेला नियम बरोबर होता. पक्षी त्या नियमाचा नव्हता. पाचपैकी तीन अंड्यांत जीव आहे. ती मडक्यातच आहेत आणि तिथेच राहू द्यावीत. आता त्यांना हात लावणे ही हिंसा होईल.

रुचीने पिवळ्याच्या वर्तनाविषयी मला २ ऑगस्टलाच विचारले होते. तिने पाहिलेले अचूक होते. मी तिला गप्प केले. तिच्याशी बोलताना हे ध्यानात ठेव.

बाईंनी पारणे माझ्या शब्दावर केले, आणि तो शब्द खोटा निघाला. हे त्यांना कळायला हवे, असे माझे मत आहे.

अभिमन


जळगाव,
९ सप्टेंबर २०२५

अभिमन,

तुझे पत्र मी बाईंना वाचून दाखवलेले नाही. ते माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या खिशात.

रुचीने मला सगळे सांगितले. तू न लिहिलेलेही. तिच्याशी काय बोलायचे, ते मी बघेन. ती माझी मुलगी आहे.

तू मला सांग, मी काय करू? वाचले, तर आई जेवायची थांबते. अंडी काढली, तर ज्या घरात आजवर मुंगीला वळसा घालून चाललो त्या घरात मी हत्या करतो. न वाचता ठेवले, तर रोज तिच्या ताटात खोटे वाढतो. तुला सोपे होते तेव्हा तू खोटे लिहिलेस आणि मला ते खरे म्हणून मिळाले. आता खरे लिहिलेस, ते मी कुठे ठेवू? आपल्या डोक्यावरचे ओझे उतरले की तुम्हा शिकलेल्या लोकांना हात धुतल्यासारखे वाटते.

पस्तीस वर्षे संवत्सरीला तुला क्षमा मागणारे मिच्छामि दुक्कडंचे कार्ड पाठवत आलो. यंदाचे लिहून तयार होते. ते पाठवलेले नाही. बाईंना तू परस्पर लिहू नकोस.

हस्तीमल


जळगाव,
२२ सप्टेंबर २०२५

चि. अभिमनला पानबाईचा आशीर्वाद.

मी सांगस, रुची लिखस. माझी बोली तिला लिहिता येत नाही, म्हणून म्हटलं, मराठीत लिही, पण मधलं काही गाळू नकोस.

गेल्या आठवड्यात दुपारी सामायिकाच्या ध्यानाला बसले होते. रुचीच्या खोलीतून बारीक आवाज आला. उंदराचा म्हणावा तर उंदीर एवढा भुकेला बोलत नाही. सामायिक पुरी केली आणि गेले. मडक्याला हात लावला, गरम होतं. संध्याकाळच्या जेवणाआधी हस्तीमल मिलमधून आला, त्याला काही विचारलं नाही, नुसती मडक्याखाली पाट टाकून बसले होते. त्याने आपणहून कपाट उघडलं. तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं. साठीचा माणूस, शाळेत नापास झाल्यासारखा उभा होता.

पच्चक्खाण मोडायचं नसतं, आणि मला मरायचीही घाई नाही. समोर ललित राहतो, त्याची बायको दिपमाला. तिच्याकडून माझी भाकर येते. दिवस मावळायच्या आत हस्तीमल स्वतः डबा आणून देतो, पण माझ्यासमोर बसून जेवत नाही. कुंदनने तीस वर्षं मला ताट वाढलं. आता ती माझं ताट फक्त धुते. तिचा काय दोष? रुची माझ्या पायाशी झोपते. तिला मी काही बोललेले नाही, म्हणून तिला जास्त लागतं आहे. लागू दे. हस्तीमल तुझ्यावर रागावला आहे, कारण त्याला माझ्यावर रागावता येत नाही.

तू चुकलास त्याचं मला काही नाही. न बघता लिहिलंस, त्याचं आहे. लहानपणी किल्ल्याच्या भिंतीवर चढून, बिळात हात घालून आल्याशिवाय पोपटाला पिल्लं किती ते तू सांगत नव्हतास. गुडघे फोडून यायचास, मी हळद लावायचे. आता तुझं अक्षर दिसलं की घरातले लोक उभे राहतात, म्हणून तू बसल्या जागचा उठत नाहीस.

पिल्लं दोन आहेत. तिसरं अंड्यातच राहिलं. रुची म्हणते, एकाचे डोळे बापासारखे लाल, एकाचे आईसारखे काळे. मोठी झाल्यावर यांनाही वेगळं करायचं की नाही, ते कळलं पाहिजे. पत्राने कळवू नकोस. ये.

जेवायला मात्र समोर दिपमालाकडे. तुझं पान मी तिला सांगून ठेवलं आहे. या घरचा दाणा तुझ्या पत्रामुळे मला चालत नाही, तेव्हा तो तुलाही चालायचा नाही.

हस्तीमलने कार्ड धाडलं नाही. माझ्याकडून घे: मिच्छामि दुक्कडं.

पानबाई


धुळे,
२६ सप्टेंबर २०२५

पूजनीय बाई,

पत्र काल मिळाले.

पिता लाल डोळ्यांचा आणि माता काळ्या डोळ्यांची असेल, तर पिल्लांतला नर कोणता आणि मादी कोणती हे केवळ डोळ्यांवरून ठरते, असा नियम आहे. या वेळी तो मी तीन पुस्तकांत पडताळला. त्यांतली दोन हौशी पाळणाऱ्यांची आहेत. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला या टेबलाशी बसून देता येईल. ते या पत्रात लिहिलेले नाही.

सोमवारी सकाळच्या बसने, पारोळ्यावरून येतो. हस्तीमल दाराशी आला नाही तरी चालेल. मडके कुठे टांगले आहे, ते रुची दाखवील. दिपमालाबाईंना सांगावे, मला एक भाकर पुरते.

आपला,
अभिमन